भुताला पोस्टरवर थोडी जागा ठेवा

प्रति,
मराठीत भयपट काढणारे निर्माते, दिग्दर्शक आणि त्यांच्या प्रसिद्धीचं काम अंगावर घेतलेली सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी सिनेमाची अक्षरं काढतो. पडद्यावरचं टायटल, पोस्टरवरचं नाव, कधी अख्खं पोस्टर. पूर्वी ब्रशनं काढायचो, आता संगणकावर काढतो. मान दोन्हीकडे सारखीच दुखते. तीसेक वर्षांत भुताखेतांच्या सिनेमांची दहा-बारा कामं केली असतील. तुमच्यापैकी काहींच्या ऑफिसात मी चहा प्यायलोय, काहींकडून पैसे यायचे राहिलेत. पण हे पत्र त्यासाठी नाही.

मध्यंतरी एकाच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर तीन पोस्टरं आली. तिन्हींत निळाकाळा अंधार, मधोमध केस मोकळे सोडलेली बाई, डोळ्यांत बुबुळं नाहीत, मागे वाडा, वाड्यावर चंद्र आणि खाली नावातून गळणारं रक्त. माझी मुलगी खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, एकाच सिनेमाचे तीन भाग येतायत का?" तिला सांगितलं, निर्माते वेगळे, दिग्दर्शक वेगळे, एक तर म्हणे सत्य घटनेवर आहे. ती म्हणाली, "मग बाई तरी वेगळी घ्यायची." म्हणून लिहायला बसलो.

गळणाऱ्या रक्ताचं आधी सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं दुखणं आहे. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. त्याच्या पायाशी एखादा ओघळ आला तरी अक्षर अक्षरच राहतं. आपली देवनागरी वरून टांगलेली असते, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी, आणि अक्षराखालची जागा मोकळी नसते. तिथं उकार राहतो, ऋकार राहतो, पायमोडकं अक्षर तिथंच लंगडतं. समजा सिनेमाचं नाव 'बाळ'. 'ळ'च्या खालचा रक्ताचा ओघळ जरासा वळला की लोक 'बाळू' वाचतात. आता बाळूला कोण भिणार? हे सांगितलं तर उत्तर येतं, "पण लोकांना कळायला नको का, हॉरर आहे ते?" अहो, कळवायचे दुसरे मार्ग आहेत. शिरोरेखा एका ठिकाणी तोडा. दोन अक्षरांमधली फट केसभर वाढवा. शेवटच्या अक्षराच्या पुढे शिरोरेखा थोडी लांब सोडा, ती आपोआप दोरीसारखी दिसायला लागते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण नजर तिथंच घुटमळते.

आता झोपाळ्याची गोष्ट. एका निर्मात्याकडे (नाव लिहीत नाही) कोकणातल्या घराची कथा होती. मी पोस्टरसाठी ओटीवरचा झोपाळा काढला. सागवानी पाट, पितळी कड्या, मागे माजघराचं उघडं दार, दारात अंधार. झोपाळ्यावर कुणी नाही. फक्त झोपाळा पुढे झुललेला आहे आणि शेजारच्या कोनाड्यात दिव्याची ज्योत अगदी सरळ उभी आहे. बस, एवढंच. निर्मात्यांनी चित्र हातात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं आणि म्हणाले, "मस्त आहे. पण भूत कुठाय?" मी म्हटलं, झोपाळ्यावर. म्हणाले, "दिसत नाही ना!" एवढ्यात चहा द्यायला आलेला पोऱ्या कपबशा ठेवता ठेवता चित्राकडे बघत थांबला. "वारा तर नाहीय," तो म्हणाला, "मग हलवतंय कोण?" मला वाटलं काम झालं. निर्मात्यांनी त्याला बिस्किटं आणायला पाठवलं.

शेवटी पोस्टरवर पांढऱ्या डोळ्यांची बाई आली. फोटो इंटरनेटवरून विकत घेतलेला. पुढे तीच बाई मला एका तेलुगू सिनेमाच्या जाहिरातीत भेटली, तिथं तिच्या हातात कोयता होता. सिनेमा किती दिवस चालला ते विचारू नका. झोपाळ्यानं तो तारला असता असा माझा दावा नाही, सिनेमाच रडका होता. पण त्या चहावाल्या पोऱ्याच्या डोक्यात जो प्रश्न उभा राहिला, तो उभा करायलाच तर पोस्टर असतं. भुताचा सिनेमा तिकीटबारीवर सुरू होत नाही. त्याआधी कितीतरी दिवस तो भिंतीवरून आणि गाण्यातून घरात शिरतो, निदान शिरायला हवा. तुम्ही त्याला दारातच सगळं बोलायला लावता.

गाण्याचं म्हणाल तर १९४९ सालच्या 'महल'पासून सुरुवात करावी लागेल. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. 'आयेगा आनेवाला' गाताना लताबाई विशीच्या होत्या. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं आणि तेव्हा आजच्यासारखी बटणं नव्हती. म्हणून त्यांना माइकपासून दूर उभं केलं आणि गात गात माइककडे चालत यायला लावलं. आजही कानाला हेडफोन लावून ते ऐका, कुणीतरी खोली ओलांडून येतंय असं वाटतं. खरोखर आलंच होतं ना कुणीतरी!

गंमत पुढेच आहे. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलेलं नव्हतं. छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागायला लागलं आणि लोक विचारायला लागले, ही गातेय कोण? शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवून ते जाहीर केलं. आता बघा, पडद्यावर अशोककुमार 'ही बाई कोण' म्हणून त्या महालात भटकतोय आणि घरात रेडिओपुढं बसलेला माणूसही तेच विचारतोय. कुणी ठरवून केलेली जाहिरात नव्हती ती, पण एवढी नेमकी जाहिरात मला दुसरी माहीत नाही. आणि ज्यांनी 'महल' पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, त्यात शेवटी भूत नसतंच.

१९६२ सालच्या 'बीस साल बाद'चे संगीतकारही हेमंतकुमार आणि निर्मातेही हेमंतकुमार. पैसे लावणारा आणि चाल लावणारा माणूस एकच. मग 'कहीं दीप जले कहीं दिल'ला सिनेमात जी जागा मिळाली ती का मिळाली, हे वेगळं सांगायला नको. लताबाईंना त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. 'वो कौन थी'च्या वेळी, १९६४ साली, 'नैना बरसे'चं चित्रीकरण सिमल्याला ठरलेलं आणि लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण झालेलं नव्हतं. मदनमोहननी स्वतःच्या आवाजात गाणं भरून पाठवलं आणि पांढऱ्या साडीतली साधना त्यावर ओठ हलवत धुक्यात फिरली. चित्रीकरण बघायला जमलेल्या लोकांना भुताचा आवाज पुरुषाचा ऐकू आला असणार. मला त्यातली एवढीच गोष्ट तुम्हाला सांगायचीय की चाल आधी होती, चित्र तिच्या मागून आलं.

तुमच्याकडे कसं असतं? सिनेमा पुरा होतो, डबिंग होतं, पैसे संपतात, मग संगीतकाराला बोलावणं जातं. पोस्टरवाल्याला त्याच्याही नंतर. "पुढच्या शुक्रवारी फर्स्ट लूक टाकायचाय, दोन दिवसांत होईल ना?" होतं की. म्हणून तर ती बाई.

माझं स्वतःचं सांगतो. १९७६ साल, मी दहा वर्षांचा, मे महिन्यात आजोळी. वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' तालुक्याच्या टॉकीजला लागणार होता. जाहिरात टांग्यातून व्हायची. टांग्याच्या दोन्ही अंगांना पोस्टर बांधलेलं, आत बॅटरीवरचा भोंगा, एक माणूस घसा ताणून 'आजपासून रोज दोन खेळ' सांगणारा, आणि मधे मधे रेकॉर्ड. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, सुधीर मोघ्यांचे शब्द. 'गोमू संगतीनं' लागलं की आम्ही पोरं टांग्यामागे धावायचो (त्यातही हेमंतकुमारांचा आवाज आहे बघा, आशाबाईंबरोबर). मग 'रात्रीस खेळ चाले' सुरू व्हायचं आणि आम्ही एकेक करून मागे पडायचो. दुपारी तीनचं ऊन, धुळीचा रस्ता, आणि पोरं जागच्या जागी उभी. टांगा वळणावरून दिसेनासा व्हायचा, गाणं तेवढं मागे राहायचं.

त्या सुट्टीत रात्री परसदारी जायचं तर मला कंदील आणि मामेभाऊ दोन्ही लागायचे. आणि सिनेमा मी तेव्हा पाहिलाच नव्हता! आजोबांनी नेलं नाही. तो मी पाहिला बारा-तेरा वर्षांनी, व्हिडिओ कॅसेटवर, आणि खरं सांगायचं तर टांग्यानं जेवढं घाबरवलं होतं तेवढं कॅसेटनं घाबरवलं नाही. २०१६ साली झी मराठीवर कोकणातल्या घराची मालिका आली, तिनं नावच या गाण्याच्या पहिल्या शब्दांवरून घेतलं. चाळीस वर्षांनी! नुसतं नाव ऐकून आमच्या पिढीतल्या बायकांनी पोरांना आत बोलावलं असेल. चाळीस वर्षांपूर्वीच्या चालीनं नव्या मालिकेची निम्मी प्रसिद्धी फुकटात केली, असं मी मानतो.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा जुनं उगाळतोय. बरं, परदेशातलं बघू, तुम्हाला ते जास्त पटतं. १९७५ सालच्या 'जॉज'ची धून पेटीवर वाजवून बघा. मध्ये काळी पट्टी नसलेल्या दोन लगतच्या पांढऱ्या पट्ट्या घ्या. पांढरी एकचा सा धरलात तर ग आणि म. खर्जात, सावकाश, मग जलद. एवढ्या दोन सुरांवर जॉन विल्यम्सनी शार्क उभा केला, कारण यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा आणि स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच येत नव्हता. तुमच्याकडे व्हीएफएक्सला पैसे नसतात म्हणून रडता ना? तिथं यंत्रच बंद पडलं होतं.

त्याच सिनेमाचं रॉजर कॅस्टेलनं रंगवलेलं पोस्टर मात्र माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं असं वाटेल. त्यात शार्क ढळढळीत दाखवलाय, सिनेमात आहे त्याहून मोठा. मी ते पुष्कळदा बघितलंय, आणि माझं मत असं की तिथं भीती शार्कची नाहीच. वर एक बाई निवांत पोहतेय, तिला खालचं माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. अजून काही घडलेलं नाही. तेव्हा भूत दाखवूच नका असा माझा हट्ट नाही. दाखवा, पण घडून गेलेलं दाखवू नका. तुमच्या पोस्टरवर बाई आधीच मेलेली असते, रक्त आधीच सांडलेलं असतं, किंकाळी फोडून झालेली असते. मग आम्ही काय, तेराव्याला यायचं?

याच्या उलट टोकाला १९६८ सालच्या 'रोजमेरीज बेबी'चं पोस्टर. हिरव्या रंगात नायिकेचा आडवा, भलामोठा चेहरा आणि त्यापुढे खडकाळ उंचवट्यावर एक छोटी काळी बाबागाडी. गोष्ट सैतानाच्या पोराची, पण सैतानाचं कुठे नखही दिसत नाही. बाबागाडी आपल्या प्रत्येकाच्या बिल्डिंगखाली असते.

आणि जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन', १९७८. तो स्वतः सांगतो की त्यानं सिनेमा संगीताशिवाय स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवला तर त्यांना भीती अजिबात वाटली नाही. मग त्यानं तीन दिवसांत स्वतः संगीत केलं. पियानोवर पाच मात्रांचा ठेका, जो त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. नंतर त्याच बाईंना तोच सिनेमा आवडला. पाच मात्रा आपल्याला नव्या नाहीत, झपताल (पाच-पाच मिळून दहा मात्रांचा) तबल्याच्या शिकवणीतल्या पोरालाही येतो. पण चार-चारच्या सवयीच्या कानाला पाचवी मात्रा पायरी चुकल्यासारखी लागते. हे करायला ऑर्केस्ट्रा लागत नाही.

रामसे बंधूंचं नाव तुम्ही काढणार हेही मला माहीत आहे. कबूल, 'पुराना मंदिर'च्या (१९८४) जमान्यात त्यांच्या पोस्टरवर सगळा बाजार मांडलेला असायचा. राक्षस, हवेली, त्रिशूळ, न्हाणारी बाई. आणि चाललं. पण ते हातानं रंगवलेलं होतं, आणि गावागावाचा पेंटर बॅनरवर आपल्या मनातला सामरी, म्हणजे त्या सिनेमातला राक्षस, काढायचा. आमच्या टॉकीजवरच्या सामरीला पेंटरनं मिशा दिल्या होत्या, तो म्हणे गावच्या सावकारासारखा दिसायचा. लोक सिनेमाआधी बॅनर बघायला जायचे. इंटरनेटवरच्या विकतच्या बाईला बघायला कोण जाईल?

'झपाटलेला'चं (१९९३) उदाहरण मला फार आवडतं. रामदास पाध्यांचा तात्या विंचू पोस्टरवर उघड उघड होता, काही लपवलेलं नव्हतं. पण सिनेमा घरोघर नेला तो 'ओम फट् स्वाहा'नं. पोरं एकमेकांच्या अंगावर तो मंत्र टाकत हिंडायची. ते गाणं नव्हतं, पण काम गाण्याचंच करत होतं. 'तुंबाड'मधल्या 'झोप, नाहीतर हस्तर येईल' या वाक्याचंही तसंच. २०१८ साली आलेला तो सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. लोकांच्या तोंडी ते एक नाव सहा वर्षं घोळत राहिलं होतं, त्याचा त्यात वाटा नाही असं कोण म्हणेल? आणि 'स्त्री २' नाचाच्या गाण्यावर विकला गेला, मग आम्हीही एक आयटम घालतो, असं मला गेल्या वर्षी एकानं ऐकवलं. घाला. पण त्यांचा सिनेमा हसवणारा होता. तुमच्या सिनेमात सुनेचं बाळ विहिरीत पडतं आणि जाहिरातीत डीजे वाजतो.

आता थोडं कामाचं. तुमचं पोस्टर भिंतीवर फार कमी लागतं, खळ लावून चिकटवणारी माणसंही उरली नाहीत. ते बघितलं जातं तिकिटाच्या अॅपवर, बोटाच्या दोन पेरांएवढं. त्या आकारात सात कलाकारांचे चेहरे, वाडा, चंद्र आणि रक्त यांचा मिळून एक काळा डाग होतो. एक वस्तू असेल तर ती दिसते. चपलांचा एक जोड दिसतो. उलटा टांगलेला कंदील दिसतो. आणि ट्रेलरमधलं ते 'धाडऽऽम', ज्यासाठी तुम्ही स्टुडिओत दोन रात्री घालवता, फोनच्या इवल्या स्पीकरमधून येतच नाही. खर्जातला घुमारा त्या भोकातून बाहेर पडत नाही. येतं ते बारीक, टोकदार. झोपाळ्याच्या कडीची कुरकुर येते. रहाट येतो. टिटवी येते. पेटीचा भाता सूर न दाबता नुसता ओढला तर जो श्वास ऐकू येतो ना, तो येतो. मालवणी गाऱ्हाण्यात सगळे मिळून म्हणतात तो 'व्हय म्हाराजा' एकाच आवाजात, गाऱ्हाणं घालणारं कुणी नसताना ऐका. हे सगळं आपल्या घरातलं आहे, त्याचे हक्क विकत घ्यावे लागत नाहीत. तुम्ही मात्र बाहेरच्या ट्रेलरातली ती भोंग्यासारखी गर्जना आणता.

एवढी विनंती आहे. पुढच्या भुताला हात घालाल तेव्हा संगीतकाराला आणि पोस्टरवाल्याला पटकथेच्या बैठकीला बोलवा. पैसे नंतर द्या, त्याची आम्हाला सवय आहे. आधी गोष्ट सांगा, सगळे दिवे लावून, चहा देऊन. ऐकताना आमच्यातला जो कुठे थांबेल, तिथं तुमचं पोस्टर असेल. आणि ट्रेलर तयार झाला की एकदा तो ऑफिसातल्या पोऱ्याला दाखवा, आवाज बंद करून. मग पडदा झाकून नुसता ऐकवा. तो काय विचारतो ते लिहून घ्या. काहीच विचारलं नाही तर प्रदर्शनाची तारीख पुढे ढकला.

झोपाळ्याचं चित्र अजून माझ्याकडे आहे, दोन फूट बाय तीन फूट, कपाटावर गुंडाळी करून ठेवलंय. ओटीवरच्या झोपाळ्याची गोष्ट कुणाकडे असेल तर घेऊन जा. पैशाचं बघू. फक्त त्यावर बाई बसवायची नाही.

आपला,
एक अक्षरवाला
परळ, मुंबई